काचेचं कौल, पैसा फंड आणि तावदान

बोरगाव-निपाणीकडच्या जुन्या कौलारू घरात काच पाहायची तर मान वर करावी लागते. भिंती जाड, खिडक्या लहान. माजघरात उजेड यायचा तो मंगलोरी कौलांमध्ये बसवलेल्या एक-दोन काचेच्या कौलांतून. बाजेल मिशनने 1865 साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकात एक अडकणारी साच्यातली कौलं दूरवर पसरली. माप ठरलेलं असल्यामुळे त्याच खाचांचं काचेचं कौलही ओतता आलं. हातात घ्यावं तर चांगलं जड, आत बारीक बुडबुडे, आणि कडेला वाळूतल्या लोखंडामुळे आलेली हिरवट झाक. खाली पडणाऱ्या उन्हाच्या चौकोनात बसून बायका तांदूळ निवडत. चुलीच्या धुराने ते काजळे, म्हणून सणाआधी पुसून घ्यावं लागे. त्याही आधी धाब्याच्या घरांना छतात नुसतं भोक असे. कन्नड शेजारी त्याला बेळकिंडी म्हणतात. पाऊस आला की ते झाकायला धावायचं.

आपल्याकडच्या काचेचं कूळ शोधायला मात्र तळेगाव दाभाड्याला जावं लागतं. माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला बळ दिलं आणि पैसा फंडाचा काच कारखाना 1908 साली उभा राहिला. तो चालवायला आले अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय. पुढे 1916 साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. तिथला प्रभाकर कंदील घराघरात पोचला. कंदिलाची काच देशी झाली, पण खिडकीची सपाट काच परदेशातूनच यायची. ती इथे करण्याचं काम पुढे वार्ष्णेयांनीच संयुक्त प्रांतात बहजोईला हाती घेतलं. लोकांच्या एकेका पैशावर उभा राहिलेला हा वारसा आपण विसरलो, याचं मला फार वाईट वाटतं.

जुन्या वाड्याच्या तावदानातून पाहिलं की पलीकडचं झाड लाटेसारखं हलतं. काच फुंकून लांब नळा करायचा, तो उभा चिरायचा आणि तापवून उलगडायचा, अशी त्या काळची रीत होती. 1959 साली इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगवण्याची पद्धत जाहीर केली, आणि न घासता दोन्ही बाजू सपाट निघू लागल्या. आजच्या स्लायडिंग खिडकीत बसते ती हीच. मोरीला दुधी काच लावतात, रस्त्याच्या बाजूला चकाकणारी. ही चकाकी उजेडाच्या बाजूने आरसा होते, त्यामुळे रात्री घरात दिवा लागला की बाहेरच्याला आतलं दिसतं. पडदा हवाच.

दाराचा प्रश्न वेगळा. साधी काच फुटली की तिचे सुरीसारखे तुकडे होतात. टफन काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात; फुटलीच तर तिचे बोथट खडे होतात. डोक्यावरच्या काचेला तेवढंही पुरेसं नाही. तिथे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली लॅमिनेटेडच हवी, कारण ती तडकली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. चार पैसे वाचवायला इथे साधी काच बसवणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. आणि टफन काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. तेव्हा कडी-बिजागरीसकट माप आधी पक्कं करा आणि कोपऱ्यातला शिक्का पाहूनच पैसे द्या.