बदल उंबरठा ओलांडतो तेव्हा

आमच्या हिंगणीजवळ बोर नदीवर धरण आहे. त्याची उंची, पाणीसाठा, भिजणारी जमीन हे सारे सरकारी दप्तरात सापडते. परंतु धरण झाले तेव्हा कोणाच्या घरात काय घडले, हे दप्तर सांगत नाही. ते काम कादंबरीचे. मुलांना इतिहास शिकविताना आणि स्वतः कादंबऱ्या लिहिताना ही गोष्ट माझ्या मनावर ठसत गेली आहे.

हरिभाऊ आपट्यांचेच पाहा. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः येऊ लागली. यमूला तिचा नवरा शिकवितो. मुंबईच्या बिऱ्हाडात तिला थोडा मोकळा वारा लाभतो. नवरा गेल्यावर त्याच यमूचे केशवपन होते. नवी विद्या घरात आली, पण घरातली सत्ता जुन्याच हातांत राहिली. तरीही आपली कहाणी यमू स्वतः सांगते. विद्येने तिला वाचविले नाही; साक्षीदार मात्र केले.

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची, आपल्या वऱ्हाडी बोलीतली. शिंप्याच्या घरातली कौतिक काबाडकष्ट करून मुलांना जगवू पाहते, आणि नवऱ्याला, महादेवला, महारोग जडतो. आमच्याच जिल्ह्यात दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केले होते. १९४० नंतर सल्फोन औषधेही निघाली. पण औषध निघणे आणि ते कौतिकसारखीच्या दारी पोचणे, यांत किती कोसांचे अंतर! १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचविला. आज हा रोग बरा होतो. तरी ‘धग’ वाचताना जीव कासावीस होतोच, कारण कौतिकच्या घराला दारिद्र्यानेही तितकेच पोळले आहे.

विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त (१९९१) तर धरणच आहे. जांभळी गाव उठते आणि विस्थापितांसाठी खैरमोडे गुरुजी झिजतात. मीही मास्तरच, तेव्हा हे पुस्तक मिटले की आमच्या धरणाकडे पूर्वीच्या नजरेने पाहवत नाही.

छापखाना, औषध, धरण, यांपैकी काहीच वाईट नाही. यांवाचून आज आपले चालायचेही नाही. परंतु लाभ एकाच्या पदरात आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या चुलीत, असे वारंवार घडत आले आहे. कादंबरीकार त्या चुलीपाशी बसून हिशेब मांडतो, एवढेच.

या दिवाळीत फराळाला सारे जमाल, तेव्हा घरातल्या आजीला विचारून पाहा : गावात वीज आली, त्या वर्षी आपल्या घरात काय बदलले? आणि ती सांगेल ते लिहून ठेवा. दप्तरात ते कुठेच सापडणार नाही.