होसकोटेचा रस्ता आणि एकवीस सेकंद

बंगळूरुच्या पूर्वेस वसलेले होसकोटे मराठी इतिहासाला अपरिचित नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांच्या बंगळूरु जहागिरीत कोलारप्रमाणेच त्याचाही समावेश होता. पुढे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे मुंबईहून मद्रासला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्र. ४ याच वाटेने गेला. त्या दुपदरी काळात पुढची मालमोटार ओलांडणे हे चालकाचे रोजचे आणि सर्वांत धोक्याचे काम होते.

या कामाचे गणित ज्या संस्थेने भारतीय रस्त्यांसाठी मांडले, तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्ते विकास समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर कायदेपंडित होते, अभियंते नव्हेत, हे विशेष!

काँग्रेसच्या मानकानुसार ताशी ८० किमी वेगाच्या रस्त्यावर ओलांडणीस १२.५ सेकंद लागतात. सुरुवातीला बेत सोडून मागे येणे शक्य असते. म्हणून समोरून येणाऱ्या गाडीसाठी त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ८.५ सेकंद धरतात. एकूण २१ सेकंद. या वेगाने तेवढ्या वेळात सुमारे ४७० मीटर अंतर कापले जाते. तितका रस्ता मोकळा दिसायला हवा. त्याच वेगात थांबण्यासाठी मात्र १२० मीटर पुरेसे मानले जातात. खरा घात याच तफावतीत आहे. थांबण्यापुरता रस्ता दिसला की तो ओलांडण्यापुरताही आहे, असे डोळ्यांना वाटते, आणि चढामागून दिवे उगवतात.

अशा वेळी चालक जोराने ब्रेक दाबतो व चक्रही वळवतो. टायरची पकड मर्यादित असते. ती रोखणे आणि वळवणे या दोहोंत वाटली जाते. चाक जाम झाले की सारी पकड घसरण्यात जाते, गाडी वळत नाही. १९७८ पासून मोटारींत आलेली इलेक्ट्रॉनिक अँटी-लॉक प्रणाली हेच टाळते. भारतात एप्रिल २०१९ पासून ती सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. ती दिशा हाती ठेवते. निसरड्या रस्त्याला पकड मात्र देऊ शकत नाही.

आता होसकोटेहूनच चेन्नईकडे सुमारे २६० किमीचा द्रुतगती मार्ग निघतो. त्याचा कर्नाटकातील भाग २०२४ च्या अखेरीस वाहतुकीस खुला झाला. दुभाजकामुळे समोरच्या गाडीची धास्ती संपली. पण ताशी १२० किमी वेगाला ८० च्या सव्वादोनपट गतिज ऊर्जा असते. पुढे ताशी ६० किमीने चाललेला ट्रक १०० मीटरवर असेल, तर ते अंतर सहा सेकंदांत संपते. आरसा पाहणे, इशारा देणे आणि मार्गिका बदलणे, सारे तेवढ्यातच उरकावे लागते.