सीपीओई म्हणजे काय? डॉक्टरांची ऑर्डर कागदावरून कॉम्प्युटरवर जाते तेव्हा काय बदलतं?

दोन वर्षांपूर्वी माझी आजी हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होती. सिस्टरने औषधांची चिठ्ठी दिली आणि मी खालच्या मेडिकलकडे धावलो. काउंटरवरच्या दादांनी चिठ्ठी दोनदा नीट बघितली आणि मलाच विचारलं, "हे पाच आहे की पन्नास?" मला काय कळणार! त्यांनी वॉर्डात फोन लावला. लिहिलं होतं ५.०, पण टिंब पुसट होता. एका फोनमुळे त्या दिवशी निभावलं. पण दर वेळी कुणी फोन करेलच असं नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात, त्याची आज ओळख करून घेऊ.

सीपीओई म्हणजे काय?

सीपीओईचं पूर्ण नाव कॉम्प्युटराइज्ड फिजिशियन ऑर्डर एंट्री. सोप्या भाषेत सांगायचं तर, डॉक्टरांनी पेशंटसाठी सांगितलेली प्रत्येक गोष्ट (औषध, रक्ततपासणी, एक्स-रे, पथ्य) कागदावर न लिहिता थेट कॉम्प्युटरमध्ये भरायची. ऑर्डर भरली की ती त्याच क्षणी फार्मसी, लॅब आणि सिस्टरच्या स्क्रीनवर दिसते. कुणी कुणाचं अक्षर लावत बसत नाही.

कल्पना नवीन नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एल कॅमिनो हॉस्पिटलमध्ये १९७१ च्या सुमारास अशी यंत्रणा सुरू झाली होती. म्हणजे स्मार्टफोन तर सोडाच, घरगुती कॉम्प्युटरही आला नव्हता तेव्हा!

हे काम कसं करतं?

१. डॉक्टर पेशंटचं नाव उघडून औषध निवडतात.
२. डोस, दिवसातून किती वेळा आणि कसं द्यायचं (गोळी की इंजेक्शन) हे भरतात. रकाना रिकामा राहिला तर ऑर्डर पुढेच जात नाही.
३. सॉफ्टवेअर पेशंटची ॲलर्जी, वजन, आधीपासून चालू असलेली औषधं तपासतं. काही खटकलं तर स्क्रीनवर इशारा येतो.
४. फार्मासिस्ट ऑर्डर बघून मंजूर करतात आणि औषध वॉर्डात जातं.

यातली तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. कागद कितीही सुंदर अक्षरात लिहिला तरी तो "थांबा, या पेशंटला पेनिसिलिन चालत नाही" असं सांगू शकत नाही.

खरंच फायदा होतो का?

हो. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधला १९९८ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सीपीओई आल्यावर तिथे औषधांच्या ज्या गंभीर चुका वेळेत पकडल्या जात नव्हत्या, त्या ५५ टक्क्यांनी कमी झाल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल काढला. उपचारातल्या चुकांमुळे तिथल्या हॉस्पिटलांत वर्षाला ४४,००० ते ९८,००० लोक मरत असावेत, असा त्यात अंदाज होता. मग सगळीकडे कॉम्प्युटर आणायची घाई सुरू झाली.

पण घाई नडते

पिट्सबर्गच्या लहान मुलांच्या हॉस्पिटलने ऑक्टोबर २००२ मध्ये अवघ्या ६ दिवसांत पूर्ण हॉस्पिटल सीपीओईवर नेलं. नंतरच्या अभ्यासात धक्कादायक गोष्ट समोर आली. दुसऱ्या हॉस्पिटलमधून तिथे हलवलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं.

असं का झालं असावं? पूर्वी ॲम्ब्युलन्स वाटेत असतानाच औषधं तयार ठेवता यायची. आता पेशंट दारात येऊन नोंदणी झाल्याशिवाय ऑर्डरच टाकता येईना. कागदावर काही सेकंदांत होणारं काम क्लिक करत करत एक-दोन मिनिटांचं झालं. औषधंही वॉर्डजवळून हलवून मुख्य फार्मसीत नेली होती. अत्यवस्थ मुलाच्या बाबतीत एकेक मिनिट महत्त्वाचं असतं.

आता गंमत बघा. सिएटलच्या मुलांच्या हॉस्पिटलने त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर बसवलं. तिथल्या आयसीयूत मृत्यूचं प्रमाण वाढलं नाही. म्हणजे दोष फक्त ॲपचा नव्हता, ते कसं आणलं याचाही होता. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमध्ये तर डॉक्टर इतके वैतागले, की २००३ मध्ये नवीकोरी यंत्रणा बंद करून पुन्हा कागद आणावा लागला.

३८ गोळ्यांची गोष्ट

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ हॉस्पिटलमध्ये १६ वर्षांच्या मुलाला नेहमीची एक अँटिबायोटिक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. डॉक्टरने १६० टाइप केलं. पण रकान्याचं एकक होतं 'दर किलोला मिलिग्रॅम'. मुलाचं वजन ३८.६ किलो. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे गुणाकार केला आणि ऑर्डर गेली साडेअडतीस गोळ्यांची!

इशारा आला होता. पण दिवसभर इतके फालतू इशारे येतात, की डॉक्टर आणि फार्मासिस्ट दोघांनीही तो बाजूला सारला. आपण नाही का न वाचता 'ओके' दाबत? फार्मसीतल्या रोबोटने गोळ्या मोजून पॅक केल्या. नर्सला शंका आली, पण बारकोड स्कॅनरने ऑर्डर बरोबर असल्याचं सांगितलं. मुलाने सगळ्या गोळ्या घेतल्या. त्याला झटका आला. सुदैवाने तो वाचला.

माझ्या आजीच्या वेळी दादांनी फोन केला, कारण त्यांना अक्षर लागत नव्हतं. इथे सगळं इतकं स्वच्छ छापलेलं होतं, की मनात आलेली शंकाही मागे पडली.

आपल्याकडे काय?

औषधांची नावं स्वच्छ, शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला. मोठ्या हॉस्पिटलांत हळूहळू कॉम्प्युटरही येतायत. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तिथलं काम हातानेच करावं लागलं. म्हणून यंत्रणा बंद पडली तर काय करायचं, याची तयारी आधीच हवी.

माझ्या मते चांगलं हॉस्पिटल ही यंत्रणा एकेका वॉर्डात आणतं, डॉक्टर आणि सिस्टरांना शिकवायला वेळ देतं, नेहमी लागणाऱ्या ऑर्डरींचे तयार संच बनवतं आणि बिनकामाचे इशारे कमी करतं.

तुम्ही काय करू शकता?

- घरातल्या प्रत्येकाची ॲलर्जी, वजन आणि चालू औषधं फोनमध्ये लिहून ठेवा. ॲडमिट करताना ती माहिती कॉम्प्युटरमध्ये गेली का, हे विचारा. माहितीच नसेल तर इशारा येणार कुठून?
- गोळ्यांची संख्या किंवा रंग नेहमीपेक्षा वेगळा दिसला तर "सिस्टर, हे एकदा बघता का?" असं बिनधास्त विचारा.
- "कॉम्प्युटरमध्ये तसंच आहे" असं उत्तर मिळालं, तर डॉक्टरांना विचारायची विनंती करा.

तेव्हा मित्रांनो, सीपीओई असलेलं हॉस्पिटल दिसलं तर चांगलंच आहे. पण हातात आलेल्या गोळ्या एकदा मोजून बघायला विसरू नका.