वैद्याची सनद आणि तिची मुदत



आमच्या कोकणातल्या गावी माझ्या लहानपणी एकच दवाखाना होता. आत शिरले की समोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत डॉक्टरांची सनद टांगलेली दिसे. तिच्यावर साल होते १९६१. डॉक्टर मोठे भले गृहस्थ. अपरात्री बोलावणे आले तरी पायांत वहाणा अडकवून निघत. गरिबाकडून पैसे घेत नसत. १९८८ च्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या सहा-सात वर्षांच्या मुलाला पेंढ्यात खेळताना लाल विंचू चावला. डॉक्टर रात्रभर त्याच्या उशाशी बसून होते. त्यांना ठाऊक होते ते सगळे त्यांनी केले. पहाटे मूल गेले.

पुढे मोठेपणी मला कळले, की त्या विषावर गुणकारी ठरलेली एक साधी गोळी तेव्हा बाजारात मिळत होती. तिचा उपयोग शोधून काढणारे डॉक्टर तर आमच्याच जिल्ह्यात, महाडला होते. आमच्या डॉक्टरांपर्यंत ती वार्ता पोचलीच नव्हती.

यात त्या भल्या माणसाला दोष द्यावा असे मला आजही वाटत नाही. पण भिंतीवरची ती चौकट आठवते. या माणसाला १९६१ साली वैद्यक येत होते, एवढेच ती सांगत होती. १९८८ साली येते की नाही, हे ती सांगत नव्हती आणि तिला तसे कुणी विचारतही नव्हते.

वैद्याला समाजाने दोन प्रश्न विचारायचे असतात. एक, तुम्ही शिकला आहात का? आणि दुसरा, तुम्ही अजून शिकता आहात का? पहिला प्रश्न फार जुना आहे. दुसरा कायद्याने विचारायला माणसाला हजारो वर्षे लागली. आज त्या दोन प्रश्नांचाच इतिहास थोडक्यात पाहू.

पहिल्या प्रश्नाची सुरुवात आपल्याच देशात सापडते. सुश्रुतसंहितेत असा दंडक आहे, की शास्त्राचे अध्ययन केलेल्या, प्रत्यक्ष कर्म पाहिलेल्या आणि केलेल्या वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊनच रुग्णांकडे जावे. कुवैद्य लोभाने माणसे मारतो तो राजाच्या दोषामुळे, असेही सुश्रुताचे म्हणणे आहे. म्हणजे पाहा, अडाणी वैद्य मोकाट फिरत असेल तर त्याची जबाबदारी राज्यावर येते, हा विचार किती जुना आहे!

पुढची गोष्ट बगदादची. इसवी सन ९३१ मध्ये तिथे एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला. ही वार्ता खलिफा मुक्तदिर याच्या कानावर गेली. त्याने हुकूम काढला, की राजवैद्य सिनान इब्न साबित याने परीक्षा घेतल्याशिवाय शहरात कुणी वैद्यकी करू नये. आठशेहून अधिक वैद्य परीक्षेला आले. त्यांतली एक हकिकत अरबी इतिहासकारांनी मोठ्या गमतीने नमूद केली आहे. एक उत्तम पोशाखातला वृद्ध गृहस्थ आला. सिनानने त्याला मानाने बसवले आणि विचारले, आपले गुरू कोण? म्हाताऱ्याने हळूच दिनारांची पुडी पुढे सरकवली. तो म्हणाला, मला धड लिहिता-वाचता येत नाही. पण घरी खाणारी तोंडे आहेत, माझा धंदा बुडवू नका. सिनानला हसू आले. त्याने अट घातली, की जे कळत नाही ते करू नका, रक्त काढणे आणि जालीम रेचक देणे यांच्या वाटेला जाऊ नका. म्हातारा म्हणाला, मी सरबतापलीकडे कधी गेलोच नाही! दुसऱ्या दिवशी एक तरुण परीक्षेला आला. गुरू कोण? माझे वडील. वडील कोण? काल आपल्याकडे आलेले ते वृद्ध. सिनान म्हणाला, मग त्यांच्याच वाटेने जा, तिच्यापुढे जाऊ नकोस.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी आहे खरी. पण तिच्यात एक मर्म आहे. बापाकडे होते तेवढेच ज्ञान मुलाकडे आले आणि परीक्षा घेणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानले. ज्ञान वाढले पाहिजे, ही अपेक्षा त्या परवान्यात नव्हती.

यानंतर तीनशे वर्षांनी, १२३१ साली, सिसिली आणि दक्षिण इटलीचा राजा दुसरा फ्रेडरिक याने कायदा केला, की सालेर्नोच्या आचार्यांपुढे परीक्षा देऊन राजाचा परवाना घेतल्याशिवाय कुणी वैद्यकी करू नये. पुढे त्यात अभ्यासक्रमही ठरला. आधी तीन वर्षे तर्कशास्त्र, मग पाच वर्षे वैद्यक आणि शेवटी एक वर्ष अनुभवी वैद्याच्या हाताखाली उमेदवारी. इंग्लंडात १८५८ च्या कायद्याने एक वैद्यकीय परिषद नेमली आणि सगळ्या देशासाठी एकच नोंदवही सुरू झाली. नोंदवहीत नाव असेल तो अधिकृत डॉक्टर. हीच कल्पना इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले १८४५ साली. त्याची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली, अवघ्या आठ जणांची. त्या आठांत एक होते डॉक्टर भाऊ दाजी लाड. पुढे पदवीधर वाढले, तसे खरे कोण आणि खोटे कोण हे ओळखण्याची गरज पडली. १९१२ साली मुंबई प्रांताने वैद्यकीय कायदा करून परिषद आणि नोंदवही निर्माण केली. अखिल भारतासाठी परिषद यायला १९३३ चा कायदा यावा लागला. वैद्य-हकिमांच्या नोंदणीसाठी मुंबई प्रांताने १९३८ साली वेगळा कायदा केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या तिन्ही भागांत डॉक्टरांच्या नोंदणीचे निरनिराळे कायदे चालू होते. त्यांच्या जागी १९६५ साली महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा एकच कायदा आला.

इथपर्यंत पहिला प्रश्न पुरता सुटला. पण नोंदवही म्हणजे काही जमिनीचा सातबारा नव्हे. जमीन आहे तिथेच राहते. वैद्यकाची जमीन पायाखालून सरकत असते. ती कशी सरकते, हे पाहायला लांब जायला नको. पुन्हा त्या लाल विंचवाकडेच येऊ.

काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो हा लहानसा लाल विंचू. डॉक्टर हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली मुले तिथे येत. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मग धाप, तोंडाला गुलाबी फेस, आणि शेवट. त्या काळी स्टिरॉईड, ॲलर्जीची औषधे यांवरच भिस्त असे आणि त्यांचा उपयोग होत नसे. विषबाधा तीव्र असली तर शंभरांतले तीस-चाळीस रुग्ण दगावत. बावस्करांनी एकेका रुग्णाजवळ बसून नोंदी ठेवल्या. या विषाने शरीरातली उत्तेजक द्रव्ये एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसात पाणी भरते. असे असेल, तर आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे औषध द्यायला हवे. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी तशी होती. १९८३ च्या सुमारास त्यांनी ती वापरायला सुरुवात केली आणि १९८६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष छापून आले. मृत्यूचे प्रमाण शंभरांत एक ते तीन इतके खाली आले. बरं, ज्ञान तिथेही थांबले नाही. या गोळीबरोबर विंचवाची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, असे त्यांनीच पुढे चाचणी घेऊन दाखवले. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे १९८६ चे शिकून जो थांबला, तोही २०११ साली मागे पडला!

लंडनमध्ये छापलेले ज्ञान महाडहून शेजारच्या तालुक्यात कसे पोचायचे? दुसरा प्रश्न जन्माला येतो तो इथे.

तशी ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. चरकसंहितेत ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली आहे. तद्विद्य म्हणजे तीच विद्या जाणणारा. वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, कधी स्नेहाने, कधी वाद घालून, म्हणजे ज्ञान वाढते आणि शंका फिटतात. पण हा झाला उपदेश. तो न पाळणाऱ्याची सनद कुणी काढून घेत नव्हते.

उपदेशाचा नियम झाला तो अमेरिकेत. १९४७ साली तिथल्या सामान्य डॉक्टरांनी आपली एक संस्था काढली आणि स्वतःवरच बंधन घालून घेतले, की दर तीन वर्षांत दीडशे तास शिक्षण घेईल त्याचेच सभासदत्व टिकेल. नियमाचा कायदा झाला १९७१ साली, न्यू मेक्सिको राज्यात. सनदेचे नूतनीकरण हवे, तर शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्या. मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली.

इंग्लंडला मात्र ठेच लागल्यावर शहाणपण आले. ब्रिस्टल शहरात मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रियांत प्रमाणाबाहेर मृत्यू होत राहिले. मोठी चौकशी झाली आणि २००१ साली तिचा अहवाल आला. पुष्कळ चर्चेनंतर डिसेंबर २०१२ पासून तिथे नवी पद्धत सुरू झाली. दरवर्षी कामाचा आढावा, सहकाऱ्यांचे आणि रुग्णांचे मत, आणि त्यावरून दर पाच वर्षांनी सनद चालू ठेवायची की नाही याचा निर्णय.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय परिषदेने २००२ च्या आचारनियमांत म्हटले, की डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान तीस तास शिक्षण घ्यावे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने ते नूतनीकरणाशी जोडले. व्याख्याने, परिषदा, उजळणी वर्ग यांना हजर राहून पाच वर्षांत तीस गुणांक जमवायचे आणि मग नोंदणी पुढे चालू करायची. सगळ्या राज्यांत मात्र सारखी कडक अंमलबजावणी झाली नाही. २०२० साली जुन्या केंद्रीय परिषदेच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. त्याने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम जाहीर केले. त्यांतही सतत शिक्षण आणि पाच वर्षांची मुदत होती. पण औषधे मूळ नावाने लिहिण्याच्या आणि इतर काही कलमांवरून डॉक्टरांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि तीनच आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित होऊन २००२ चेच नियम पुन्हा लागू झाले.

आता तुम्ही म्हणाल, तीस तास बसले म्हणजे शिकले काय? शंका रास्त आहे. वर्गात बसलेला प्रत्येक मुलगा शिकतोच असे नाही, हे शिक्षकमंडळींना मी काय सांगावे! हजेरीपटावर सही मोजता येते, डोक्यात काय गेले ते मोजता येत नाही. व्याख्यानाचा खर्च औषधकंपनी करत असेल, तर शास्त्र कुठे संपते आणि जाहिरात कुठे सुरू होते हे ओळखणेही अवघड. कंपन्यांकडून भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्याची डॉक्टरांना मनाई करावी लागली ती याचसाठी, २००९ साली. आणि खेड्यातल्या एकट्या डॉक्टरची अडचण वेगळीच. तो दिवसभर शहरात व्याख्यानाला गेला, तर त्या दिवशी गावात विंचू चावलेल्या मुलाने कुणाकडे जावे? ज्याला नव्या ज्ञानाची गरज सर्वांत जास्त, त्यालाच ते मिळवणे सर्वांत कठीण. म्हणून कायद्याने नुसते तास मागून भागणार नाही. ते तास तालुक्याच्या गावापर्यंत आणून दिले पाहिजेत आणि विषय तिथल्या दुखण्यांचे हवेत. साप, विंचू, क्षय, बाळंतपण.

तरीही हा नियम मला मोलाचा वाटतो. तो अपुरा आहे, पण पदवीला मुदत असते, हे तो मान्य करतो. बगदादच्या त्या म्हाताऱ्याला सरबतापुरता परवाना मिळाला तो जन्मभरासाठी. आजच्या डॉक्टरला पाच वर्षांनी पुन्हा दारात उभे राहून सांगावे लागते, की मी अजून शिकतो आहे. यात अपमान नाही. उलट, आपली विद्या जिवंत आहे याची ती कबुली आहे. मी स्वतः कॉलेजात शिकवतो. माझ्या कपाटात वीस वर्षांपूर्वीची पिवळी पडलेली टिपणे आहेत आणि त्यांवरूनच शिकवण्याचा मोह मला होतो. माझ्या जुन्या टिपणाने मुलाचा एखादा गुण जाईल. डॉक्टरच्या जुन्या टिपणाने मूल जाते.

आपण लोकांनीही थोडे केले पाहिजे. दवाखान्यात आणि औषधाच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिण्याचा नियम आहे, तो पाहावा. आणि आपले डॉक्टर दोन दिवस उजळणी वर्गाला गेले म्हणून दवाखाना बंद दिसला, तर कुरकुर करू नये. त्या दोन दिवसांत ते जे शिकून येतील, ते एखाद्या रात्री आपल्याच घरात उपयोगी पडायचे आहे.

आमच्या शेजारचे ते मूल आज असते, तर चाळिशी ओलांडून गेले असते.