चांदोरी रुपया आणि पडद्याखालची ओळ

चांदवडच्या, म्हणजे जुन्या चांदोरच्या, किल्ल्यावर टांकसाळ होती. होळकरांच्या अमलात पडलेल्या चांदोरी रुपयावर फारसी अक्षरांत टांकसाळीचे नाव येई ‘जाफराबाद उर्फ चांदोर’, आणि मुघल बादशहा शाह आलमचे नाव. अंमल होळकरांचा, नाव दिल्लीचे. शिवाय ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने मजकुराचा काही भाग नाण्याच्या कडेबाहेर राही. इवल्याशा जागेत आजची स्थिती सांगायची, आणि त्यातलेही थोडे कापले जाणार, ही अडचण तेव्हापासूनची आहे. क्लॉड कोडसारखा कोड लिहिणारा एआय सहायक टर्मिनलमध्ये चालवणाऱ्यापुढे तीच अडचण पडद्याच्या तळाशी उभी असते. तिथली ओळ आपण हवी तशी घडवू शकतो. सेटिंग्जच्या फाइलीत एका छोट्या स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा. सहायक तिला चालू सत्राची माहिती पुरवतो: मॉडेल कोणते, फोल्डर कोणते, खर्च किती झाला. स्क्रिप्ट जे छापेल ते खाली दिसते. ही सोय मिळाली की बहुतेकजण मावेल तेवढे सगळे भरतात. माझ्या मते तिथेच चूक होते. ज्या माहितीवरून पुढचे पाऊल ठरते आणि जी ताजी ठेवता येते, तेवढीच ओळीत असावी.

ताजेपणाचा आग्रह कशासाठी, हे बंगालच्या सिक्का रुपयाने दाखवले आहे. नाण्यावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. ते जुने झाले की चांदी तेवढीच असूनही सराफ बट्टा कापत. त्यावर इलाज म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने पुढे 19 हेच सन कायम केले. बट्ट्याची कटकट मिटली, पण त्या आकड्यावरून नाण्याचे वय कळेनासे झाले. शाह आलम 1806 मध्ये वारला, तरी 1835 च्या कायद्याने कंपनीचा एकसारखा रुपया येईपर्यंत त्याचे नाव नाण्यांवर पडतच राहिले.

कोणी म्हणेल, नाणे एकदा पडले की पडले, ही ओळ तर सारखी बदलते. बदलते खरी, पण सहसा संवाद पुढे सरकला की. मधल्या काळात दुसऱ्या खिडकीत गिटची शाखा बदलली, तर ओळ जुनेच नाव दाखवत राहू शकते, आणि वाचणारा त्यावर विसंबून चुकीच्या शाखेत बदल करून बसतो. दुसरा आक्षेप असा, की नाणे हजार हातांतून जाते, ओळ मात्र एकट्यासाठी असते. पण दोन तासांच्या कामानंतर थकलेला माणूस स्वतःच मांडलेली ओळही परक्यासारखीच वाचतो. सराफाकडे निदान तराजू आणि कसोटी होती. इथे तपासणीची सवय मोडायलाच ती ओळ आलेली असते, म्हणून तिच्यावरची जबाबदारी जास्त.

अरुंद खिडकीत ओळीचे उजवे टोक कापले जाऊ शकते. चांदोरच्या कारागिराला कोणती अक्षरे कडेबाहेर जातील हे ठरवता येत नव्हते, आपल्याला येते. तेव्हा डावीकडे आधी शाखा, मग मॉडेलच्या स्मरणात संवादासाठी उरलेली जागा, त्यानंतर खर्च लिहा. मॉडेलचे नाव शेवटी आले तरी चालेल.