डोंगराचं पाणी, डोंगरातले देव

आमच्या आजीच्या लेखी पावसाळा मृगाला सुरू होत नसे. दहिसर नदीचं पाणी गढूळ होऊन खळाळत गावठाणापर्यंत आलं, की ती म्हणायची, "डोंगराचं पाणी सुटलं गं. आता एकदा देवाला जाऊन यायला हवं." कुठल्या देवाला, हे कुणी विचारत नसे. डोंगरात पाणी पडतं तिथल्या. कान्हेरीच्या, मंडपेश्वरच्या आणि सोबतीला कुणी मिळालंच तर वसईपलीकडच्या तुंगारेश्वराच्या.

मुंबईची उपनगरं या कान्हेरीच्या डोंगराच्या कुशीत वसली. विहार तलाव १८६० मध्ये बांधून झाला, तुळशी १८७९ मध्ये. शहराला नळाचं पाणी मिळालं ते आधी विहारचं. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या याच डोंगरातून निघतात. आजीने पाहिलेली दहिसर नदी धुण्याची, पोहण्याची आणि काठावर चाललेल्या सिनेमाच्या शूटिंगची होती. नट कोण होता हे तिला आठवत नसे. पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे मोजता यायचे, एवढं मात्र ती दर वेळी सांगायची.

कान्हेरीबद्दल तिची गोष्ट ठरलेली. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरायला घेतली, कोंबडा आरवला आणि काम राहिलं. पुरावा म्हणून ती पहिल्याच लेण्याकडे बोट दाखवायची. ते खरोखरच अर्धवट आहे! लेणी बौद्ध भिक्खूंची आणि शंभराहून अधिक, हे मला पुढे कळलं. सोपारा-कल्याणच्या व्यापाऱ्यांनी त्यांना दानं दिली. पण आजीच्या पिढीने देवपण वाटून घेतलं नव्हतं. आजही महाशिवरात्रीला कान्हेरीला माणसांची रीघ लागते, बेस्ट बोरिवलीहून जादा गाड्या सोडते आणि बाया बुद्धमूर्तीपुढेही तितक्याच मनोभावे हात जोडतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

पावसात कान्हेरीला गेलात तर धबधब्याकडे धावण्याआधी एखाद्या लेण्याच्या दाराशी थांबा. वर कातळात बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या दिसतील. छतावरचं पाणी त्यांतून वळत बाजूच्या टाक्यात उतरतं. बहुतेक लेण्यांपाशी असं एक टाकं आहेच. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय आणि पोढी खोदून देणं हेही दान म्हणून नोंदलंय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी हा डोंगर कोरताना आधी पाण्याची सोय पाहिली. उरलेलं पाणी मधल्या घळीतून पायऱ्यापायऱ्यांनी कोसळतं. आपण ज्याला कान्हेरीचा धबधबा म्हणतो तो हाच.

मंडपेश्वरला मोठा धबधबा नाही, पण जोराच्या सरीत लेण्याच्या कपाळावरून पाण्याचा पडदा सुटतो आणि आतला नटराज त्याआडून दिसतो. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या शैव लेण्याचं चर्च केलं. भिंतीवर कोरलेला क्रूस अजून आहे, डोक्यावर चर्चचे भग्न अवशेष आहेत. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली तेव्हा शंकर परत आला. पुढेही लेण्याचा ताबा बदलत राहिला. "देव कुठेच गेला नव्हता, माणसं येत-जात होती," ही आजीची समजूत मला इतिहासाच्या पुस्तकांहून जवळची वाटते.

आत्या अंधेरीची. तिचे सासरे दगडखाणीवर कामाला होते. त्यांच्या तोंडून ऐकलेला गिल्बर्ट हिल आजच्याहून कितीतरी ऐसपैस होता. खाणींनी तो चहूबाजूंनी कुरतडला आणि मधला साठ मीटर उंचीचा काळा सुळका तेवढा उरला. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्याचे उभे खांब झाले. वर गावदेवी बसली आहे. सासरे म्हणत, देवी होती म्हणून सुळका वाचला.

आत्याच मला जोगेश्वरीच्या लेण्यात घेऊन गेली. लेणं सहाव्या शतकातलं. अभ्यासक ते घारापुरीच्याही आधीचं मानतात. अंधाऱ्या मंडपात देवीची पावलं पुजतात. पण डोक्यावर वस्ती आहे, आणि तिथलं सांडपाणी वर्षानुवर्षं कातळातून झिरपत आलंय. गाभाऱ्यापाशी तो वास आला तेव्हा आत्या काही बोलली नाही, नुसता पदर नाकाला लावला. मला तेव्हापासून वाटतं की देवळाचा जीर्णोद्धार फरशा बसवून होत नाही. वरून येणारं पाणी जोवर स्वच्छ नाही तोवर खालचं देऊळ अर्धंच आहे. आपण देवाला कळस देतो आणि त्याच्या ओढ्याला गटार करतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

मुलुंडचे मामा पवईला न्यायचे. पद्मावती तिथे तलावाच्या काठी, आता आयआयटीच्या आवारात. तलाव १८९१ चा. देवी त्याहून जुनी, असं मामा ठासून सांगत. तलाव भरून सांडवा वाहू लागला की बघ्यांची गर्दी होते. तेच पाणी विहारच्या पाण्याला मिळून मिठी नदी होतं. या तलावांभोवतीच्या जंगलातल्या आणि आरेतल्या वारली पाड्यांत वाघोबा या देवाचं ठाणं असतं. तिथली माणसं बिबट्याच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि वाघबारशीला त्याची पूजा करतात.

खऱ्या अर्थाने धबधबे आणि देऊळ एकत्र पाहायचे तर तुंगारेश्वर. परशुरामाने तिथे दैत्याचा पाडाव केला, ही आजीची कथा. महामार्गावरून आत वळलं की वाट ओढे ओलांडत चढते, दोन्ही अंगांनी पाणी उतरत असतं आणि शेवटी शंकराचं देऊळ येतं. श्रावणी सोमवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. त्याच डोंगरात चिंचोटीचा धबधबा आहे. त्याच्या डोहात कितीतरी तरुण पोरं बुडाली आहेत, म्हणून पावसाळ्यात प्रशासन तिथे बंदी घालतं. ती पाळावी. आजी तर घोटाभर पाण्यापुढे जाऊ देत नसे.

भाद्रपदात पावसाचा जोर ओसरतो, ओढे मात्र वाहते असतात. तेव्हा जावं. वसई रोडला उतरून पूर्वेकडून रिक्षाने तुंगारेश्वर फाट्यापर्यंत जाता येतं. पुढे चालत गेलेलं बरं, कारण सगळे ओढे त्या वाटेवरच लागतात.