ट्रॅक्टरमधील द्रवीय नियंत्रणे

ट्रॅक्टरला जोडलेले औजार उचलणे, जमिनीस टेकविणे व ठराविक खोलीवर ठेवणे ही कामे तेलाच्या दाबाने करणाऱ्या यंत्रणेचे नियमन चालक बैठकीजवळील तरफांनी करतो. या यंत्रणेचा उगम सोयीपेक्षा चालकाच्या सुरक्षिततेशी अधिक निगडित आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नांगर ट्रॅक्टरला मागे नुसता अडकवीत. फाळ दगडात वा मुळात अडकला की, ट्रॅक्टरची पुढची बाजू उचलली जाऊन तो चालकावर उलटे.

आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) यांनी नांगर तीन दांड्यांनी जोडून तो ट्रॅक्टरचाच भाग केला. मातीच्या रोधामुळे वरच्या दांडीवर येणारा दाब स्प्रिंगमार्फत झडपेस पोहोचतो व औजार आपोआप वरखाली होते. औजाराचा भार मागील चाकांवर येत असल्याने हलक्या ट्रॅक्टरलाही पकड मिळते. फाळ अडकल्यास तेलाचा दाब सुटून हा भार कमी होतो. चाके जागीच फिरतात व ट्रॅक्टर उलटण्याचा धोका टळतो.

डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने १९३६ साली निघालेल्या ट्रॅक्टरचा पंप ट्रॅक्टर चालू लागल्यावरच काम करी. फोर्ड ९एन (१९३९) व टीई-२० (१९४६) यांत तो शक्तिग्राही दंडाशी जोडला गेला. तरीही क्लच दाबताच पंप थांबे. त्यामुळे औजार उचलून घ्यावयाचे असल्यास चालकास गिअर काढून क्लच सोडावा लागे. फर्ग्युसन ३५ (१९५६) च्या काही प्रकारांतील दोन टप्प्यांच्या क्लचने ही अडचण दूर केली. त्यात खोली व रोध यांच्या नियंत्रणासाठी दोन स्वतंत्र तरफाही होत्या. याच तेलाची नळी बाहेर काढून ट्रॉली उलटविणारा सिलिंडर चालविता येई.

हेन्री फोर्ड यांच्याशी १९३८ मध्ये केवळ हस्तांदोलनाने झालेला करार १९४७ मध्ये मोडला. त्यानंतरच्या दाव्यात १९५२ साली तडजोड होऊन फर्ग्युसन यांना ९२.५ लाख डॉलर मिळाले व फोर्ड कंपनीस पंपाची रचना बदलावी लागली. भारतात ही परंपरा चेन्नई येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट या कंपनीच्या मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांमुळे रुजली.

जुन्या ट्रॅक्टरवर काम करताना इंजिन बंद करण्यापूर्वी औजार जमिनीस टेकविणे आवश्यक असते. झिजलेल्या झडपेतून तेल झिरपल्यास उचललेले औजार अकस्मात खाली येते. म्हणून आधार दिल्याशिवाय त्याखाली हात घालू नये. तसेच नांगर वरच्या दांडीऐवजी आसाला साखळीने बांधल्यास ही सर्व योजना निष्फळ होते आणि ट्रॅक्टर उलटण्याचा मूळ धोका पुन्हा उद्‌भवतो.